पावसाळ्यात माळ्यावर जायची घडीची शिडी वाकते, अडकते: बिजागरी बदलण्याआधी हे बघा

लक्षणं बहुतेक घरांत सारखीच. मेपर्यंत शिडी निमूट उघडते, निमूट मिटते. जूनच्या मध्याला माळ्याचं झाकण चौकटीत धरायला लागतं. जुलैत घडी उलगडताना बिजागऱ्या करकरतात. आणि चवथ (गणेशचतुर्थी) जवळ आली, माटोळीची (गणपतीवर फळं-पानं टांगायची) चौकट, मखर, समया खाली काढायला कुणी तरी वर चढलं, की मधल्या जोडावर पाय पडताच शिडी पोटात खचते आणि स्क्रू सुटतात. मग मेस्ताला (सुताराला) निरोप, नव्या बिजागऱ्या, या वेळी जरा लांब स्क्रू. पुढच्या पावसात परत तेच.

गोव्यातल्या फोंडा, डिचोली, सत्तरी या पट्ट्यात मी घडीच्या शिड्या बनवतो, आणि त्याहून जास्त दुसऱ्यांनी बनवलेल्या दुरुस्त करतो. माझं मत असं की शंभरातल्या बहुतेक वेळा बिजागरी बिचारी निर्दोष असते. एक तर ती भलत्या अंगाला ठोकलेली असते, नाही तर शिडीचे दोन तुकडे एकमेकांना टेकतच नाहीत. लाकडाने उचलायचा भार मग तिच्या चार स्क्रूंवर येतो. उन्हाळ्यात ते स्क्रू कसेबसे धरून असतात, ओल आली की सोडतात. त्यामुळे नवी बिजागरी आणायला बाजारात जाण्याआधी शिडी एकदा पूर्ण उघडा आणि तिच्या बाजूला उभं राहून नीट बघा.

चवथ तोंडावर असेल तर

आधी हे, कारण वाचणाऱ्यांतल्या निम्म्यांना आजच वर चढायचं असणार. शिडी उघडून सरळ उभी करा. तीन फूट लांब, तीन इंच रुंद, इंचभर जाड अशा दोन पट्ट्या घ्या. सागवानाच्या असल्या तर उत्तम, नसल्या तर कोणतंही न किडलेलं, गाठी नसलेलं लाकूड चालेल. उजव्या-डाव्या दांड्याला, म्हणजे पायऱ्या धरणाऱ्या उभ्या लाकडाला, बाहेरून एकेक पट्टी अशी लावा की जोड तिच्या बरोबर मधोमध येईल. जोडाच्या वर दोन आणि खाली दोन असे ८ मिलिमीटरचे बोल्ट आरपार, दोन्हीकडे मोठे वायसर. झाली सरळ शिडी. घडी होणार नाही, भिंतीला लावून ठेवावी लागेल, पण माणूस सुखरूप चढेल-उतरेल. खिळे ठोकून हे काम करू नका, आणि काथ्याने बांधून तर नकोच. काथ्या ओला झाला, वाळला की ढिला पडतो.

दिवाळी झाली की पट्ट्या काढा आणि खरं काम हाती घ्या.

बिजागरी कुठल्या अंगाला आहे?

दुरुस्तीतली खरी गोम इथे आहे, म्हणून जरा थांबून बघू.

शिडी तिरकी असते. आपण पायरीवर उभे राहिलो की वजनाचा मोठा वाटा दांड्यांतून सरळ जमिनीत उतरतो. पण थोडा वाटा दांड्यांना आडवा पडतो आणि शिडीला तिच्या पाठीकडे ढकलतो. पाठ म्हणजे चढणाऱ्याच्या पलीकडची बाजू. शिडी जमिनीशी ७० अंशांत असेल तर हा आडवा वाटा वजनाच्या साधारण एक तृतीयांश असतो; ६० अंशांपर्यंत लोळवली तर निम्मा. म्हणजे मधला जोड सतत पाठीकडे खचायला बघतो. चढणाऱ्याच्या अंगाला दोन तुकड्यांची तोंडं, म्हणजे जोडाशी भिडणारी टोकं, एकमेकांवर दाबली जातात, पाठीच्या अंगाला ती फाकायला बघतात.

आता बिजागरी पाठीला असली की सगळं जुळून येतं. तोंडं पुढून घट्ट भिडतात, फाकणारी बाजू बिजागरी मागून ओढून धरते, आणि माणूस जितका जड तितका जोड पक्का. ताठ उभ्या माणसाचा गुडघा जसा पुढच्या बाजूला वाकूच शकत नाही, तसं.

बिजागरी चढण्याच्या अंगाला असली तर याच्या नेमकं उलट. फाकायला मोकळी बाजू पाठीला, आणि वजन तिथेच ढकलतंय. म्हणजे माणसाच्या वजनानेच शिडी मिटायला निघते. तिला मिटू देत नाही ती फक्त मागे लावलेली आकडा-कडी किंवा टॉवर बोल्ट. मी उघडून पाहिलेल्या अशा शिड्यांत आकडा सरळ झालेला असतो किंवा त्याच्या कडीचे आटे लाकडातून निम्मे बाहेर आलेले असतात.

मग लोक पुढे बिजागरी का लावतात? सोपं पडतं म्हणून. खालचा तुकडा उचलून वरच्याच्या पायऱ्यांवर टाकला की घडी झाली, स्क्रूही समोरून मारता येतात. दुसरं कारण म्हणजे तयार मिळणाऱ्या शिड्यांची नक्कल. झाकणाच्या आतल्या अंगाला बसवलेल्या तीन तुकड्यांच्या शिड्या येतात, त्यांत पहिला जोड पुढच्याच अंगाला असतो, कारण घडी झाकणावर मावायची तर दुसरा मार्ग नाही. पण तिथे वरच्या तुकड्याला दोन्हीकडून पोलादी हात असतात, ते चौकटीला बोल्ट केलेले असतात आणि तो तुकडा जराही हलू देत नाहीत. आपल्याकडे चित्र बघून शिडी बनते, हात मात्र गाळले जातात, कारण ते चित्रात झाकणाआड लपलेले असतात.

तुमच्या शिडीची बिजागरी पुढे असेल तर दोन वाटा आहेत. पहिली, बिजागरी पाठीला न्या. मग खालचा तुकडा वरच्याच्या मागे मिटेल. तेवढी मागची जागा मोकळी आहे का ते बघा. दुसरी, बिजागरी आहे तिथे राहू द्या, पण दोन्ही दांड्यांच्या बाजूला दीड इंच रुंद, ५ मिलिमीटर जाड अशी धातूची सपाट पट्टी लावा. एका टोकाला ती बोल्टवर फिरेल, आणि शिडी उघडल्यावर दुसऱ्या टोकाचं भोक दुसऱ्या तुकड्यातल्या जाड पिनेवर अडकेल. पट्टी जोडाच्या दोन्हीकडे किमान फूटभर जायला हवी. घरात म्हातारी माणसं किंवा पोरं चढत असतील तर मी पहिलीच वाट सांगेन, कारण दुसरीत पिन अडकवायला माणूस विसरतो.

तोंडाला तोंड भिडतं का?

बिजागरी पाठीला आहे, तरी शिडी खचते. मग फट शोधा.

शिडी उघडा, कुणाला तरी खालून दुसऱ्या-तिसऱ्या पायरीवर उभं करा आणि जोडात पुढच्या बाजूने जुनं पोस्टकार्ड किंवा लग्नपत्रिकेचा जाड कागद सरकवून बघा. कागद आत जात असेल तर तुकडे टेकलेले नाहीत. दोन्ही दांड्यांवर वेगवेगळं बघा, कारण बऱ्याचदा एक बाजू भिडलेली असते आणि दुसरी नाही.

एवढ्याशा फटीने काय होतं, असं वाटेल. दांडे चार इंच रुंद आणि शिडी साडेनऊ फुटांची धरली तर जोडात पुढून एक सूत (इंचाचा आठवा भाग) फट म्हणजे मधोमध पाऊण इंचाहून जास्त झोळ. तेवढी खचल्यावर तोंडं भिडतात आणि शिडी थांबते. प्रत्येक पावलाला ती थोडी खचते, थांबते, परत उठते, आणि प्रत्येक वेळी बिजागरीच्या स्क्रूंना हिसका बसतो. चढताना तो ‘कट्ट’ आवाज येतो ना, तो हाच.

केरीला एका काकूंकडे अशीच शिडी होती. काकूंनी आल्या आल्या सांगितलं, “मेस्ता, बिजागरी चांगलीशी घाल रे, ही गेल्या वर्षीचीच आहे.” बिजागरी सोडवायला पेचकस लागलाच नाही, स्क्रू बोटांनी फिरून आले. आटे गंजून बोथट झालेले, भोकांच्या कडा काळ्या आणि आतला भुसा बोटाला ओला लागत होता. पण बघण्यासारखी होती ती दांड्यांची तोंडं. डाव्या दांड्याच्या तोंडावर चढण्याच्या बाजूला लाकूड दाबून दाबून गुळगुळीत, चकचकीत झालेलं. उजव्या दांड्याच्या तोंडावर करवतीच्या खुणा जशाच्या तशा, त्यांत जुन्या रंगाचा थर सुद्धा शाबूत. म्हणजे उजवा दांडा आयुष्यात कधी टेकलाच नव्हता. सगळा भार एका बाजूने, आणि उजवी बिजागरी लटकत. नवी बिजागरी घातली असती तरी पुढच्या चवथीला काकूंनी परत बोलावलंच असतं.

यावर सुतारकामातली जुनी युक्ती आहे. बिजागऱ्या काढा, दोन्ही तुकडे जमिनीवर सरळ रेषेत ठेवा, बाजूंना लांब पट्ट्या शिकंज्याने आवळून ते हलणार नाहीत असे धरा आणि जोड शक्य तितका मिटवा. मग त्या जोडातूनच बारीक दातांची करवत सरळ खाली उतरवा. करवत दोन्ही तोंडांचा उंचवटा एकदमच कापते, त्यामुळे तोंडं एकमेकांना जुळतात, मग ती काटकोनात असोत वा नसोत. एकदा पुरलं नाही तर तुकडे पुढे सरकवून परत फिरवा. शिडी दोन-तीन मिलिमीटरने आखूड होते, त्याने काही बिघडत नाही. कापलेल्या तोंडांना लगेच वॉर्निशचे दोन हात द्या. लाकूड सगळ्यात जास्त पाणी पितं ते तोंडातूनच.

काही जण फटीत पत्र्याचा किंवा प्लायचा तुकडा कोंबतात. महिनाभर चालतं. मग तो निसटतो, आणि नेमका कुणी वर असताना निसटतो.

बिजागरी कशी हवी

आता तिच्यावर खरंच किती ओढ येते ते सांगतो, म्हणजे दाराची बिजागरी इथे का चालत नाही ते कळेल. माळा ९ फुटांवर, शिडी ७० अंशांत, दांडे ४ इंच रुंद, तोंडं नीट भिडलेली आणि बिजागरी पाठीला. ८० किलोचा माणूस जोडाजवळ उभा राहिला की दोन्ही बिजागऱ्यांवर प्रत्येकी साधारण ८० किलोची ओढ येते. हातात पितळी घंगाळ घेऊन कुणी धपकन पाय टाकला तर आणखी. आणि हे सगळं बरोबर असताना. दांडा ४ ऐवजी अडीच इंचांचा घेतला तर लाकूड मोडत नाही, पण बिजागरीवरची ओढ दीडपटीच्या वर जाते. दांडे रुंद घ्यायचे ते यासाठी.

सगळ्यात वाईट प्रकार म्हणजे दाराची साधी बिजागरी दांड्यांच्या तोंडांवरच बसवणं. तिथे स्क्रू लाकडाच्या धाग्यांच्या दिशेने आत जातात, आणि तशा स्क्रूला लाकूड धरून ठेवत नाही. पाठीच्या कडेवर लांब पानाची बिजागरी बसवली तर बरंच बरं, पण तिलाही स्क्रूच.

मी हल्ली फॅब्रिकेटरकडून पट्टीची बिजागरी करून घेतो. दीड इंच रुंद, ५ मिलिमीटर जाड पट्ट्या दांड्यांच्या बाजूला बोल्टने आरपार बसतात, पाठीच्या कडेला चिकटून. त्यांची फिरायची पिन ८ मिलिमीटरची, आणि तिचा मध्य बरोबर पाठीच्या पातळीवर. पिन आत गेली तर घडी पूर्ण मिटणार नाही, बाहेर गेली तर मिटलेल्या तुकड्यांत उगाच अंतर राहील. दर पट्टीला दोन बोल्ट. पहिलं भोक दांड्याच्या तोंडापासून अडीच-तीन इंच आत घ्या. इंचभरावर घेतलं तर ओढीने तोंडाकडचं लाकूड चिरतं. नट नायलॉक (आत नायलॉनचं कडं असलेले) घ्या, साधा नट घडी उघडता-मिटता सैल होतो.

जुनीच बिजागरी परत लावायची असेल तर मोठ्या झालेल्या भोकांत आगपेटीच्या काड्या कोंबणं सोडा. भोक १० मिलिमीटरचं करून त्यात सागवानाची खुंटी पाणी न लागणाऱ्या गोंदाने बसवा, दुसऱ्या दिवशी त्यात नवं बारीक भोक पाडा, मग स्क्रू.

गंज, आणि खोबरेल

गंजलेल्या लोखंडाचं आकारमान मूळ लोखंडाहून कितीतरी जास्त असतं. म्हणून बिजागरीची पिन गंजली की ती आपल्याच नळीत फुगून बसते आणि फिरत नाही. आपण जोर लावून घडी उलगडतो. पिन फिरत नसल्यामुळे तो जोर पानातून थेट स्क्रूंवर जातो. दुखणं पिनेचं, उपटतात स्क्रू. म्हणून करकर ऐकू आली की त्याच दिवशी थांबा.

किनाऱ्याला, म्हणजे मांद्रे, हरमल, कळंगुटपासून थेट काणकोणपर्यंत, खारा वारा असतो; तिथे ३१६ प्रतीचं स्टेनलेस घ्या. फोंडा-डिचोलीकडे ३०४ पुरतं. जस्ताचा मुलामा दिलेले बोल्टही आत चालतात, पण पान्याने मुलामा खरवडला की गंज तिथूनच सुरू होतो. पितळी बिजागरी दिसायला छान आणि गंजतही नाही, पण पितळ मऊ; दाराला ठीक, शिडीच्या जोडाला नको. अ‍ॅल्युमिनियमच्या शिडीत पितळी स्क्रू तर मुळीच घालू नका. खाऱ्या ओलीत दोन धातू एकमेकांना लागले की अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं आणि भोकाभोवती पांढरी भुकटी दिसायला लागते.

तेल म्हणाल तर आपल्या घरात हाताशी असतं ते खोबरेल, आणि सगळ्या बिजागऱ्यांना तेच जातं. आठवडाभर आवाज बंद. मग ते धूळ धरून चिकट होतं आणि बिजागरी आधीपेक्षा जड. शिलाई मशीनचं तेल किंवा थोडं ग्रीस घ्या, मे संपताना एकदा आणि गणपती गेल्यावर एकदा. लाकूड लाकडावर घासत असेल तिथे तेल न घालता मेणबत्ती घासा.

झाकण धरतं त्याचं काय

हा शिडीचा दोष नाही, पण दुखापत इथूनच सुरू होते. झाकण अडकलं की खालून दांडक्याने ठोसतात, एकदम सुटतं आणि शिडी हिसक्याने खाली येते.

लाकूड लांबीत जवळजवळ बदलत नाही, रुंदीत बदलतं. सागवान त्यातल्या त्यात शांत, तरी कोरड्या दिवसांपासून भर पावसापर्यंत चार इंच रुंदीमागे साधारण मिलिमीटरभर फुगतो. दोन फूट रुंद झाकण फळ्या जोडून केलेलं असेल तर सहा मिलिमीटर, म्हणजे दोन सूत. चौकटीत दोन्हीकडे अर्धा-अर्धा सूत जागा सोडली असेल तर ते अडकणारच. शिवाय कौलांतून एखादी धार गळत असेल तर झाकण वरून ओलं, खालून कोरडं. मग ते फुगतं तसं वाकतंही. ते आधी बघा. कौल फुटलं असेल तर रंधा मारून उपयोग नाही.

जुलैत रंधा मारू नका, हे मी प्रत्येक घरात सांगतो आणि प्रत्येक घरात मारलेला असतो. ओलं लाकूड रंध्याखाली उसवतं, आणि पावसात बेताचं केलेलं झाकण मार्चमध्ये इतकं सैल होतं की फटीतून उंदीर खाली डोकावतात. जुलैत फक्त पेन्सिल घ्या. जिथे घासतं तिथे रेघ मारून ठेवा, फुगलेलं असताना चौकटीच्या कडेने सगळीकडून आखा. जानेवारी-फेब्रुवारीत लाकूड वाळल्यावर त्या रेघेपर्यंत रंधा आणा, आणि मोकळ्या कडांना लगेच रंग किंवा वॉर्निश द्या.

नवंच करायचं असेल तर फळ्या नकोत. १२ मिलिमीटरचा बीडब्ल्यूपी (उकळत्या पाण्यातही न सुटणारा) प्लाय घ्या, त्यावर आयएस ७१० असा शिक्का असतो. प्लायमध्ये थर एकमेकांना आडवे असतात म्हणून तो फारसा फुगत नाही. सगळीकडून एकेक सूत जागा सोडा, आणि ती फट खालून बारीक पट्टीने झाका. प्लायच्या कापलेल्या कडा रंगवायला विसरू नका.

पाय आणि पायऱ्या

पायांचं तपासणं पाच मिनिटांचं. शिडी उघडून दोन्ही पायांखाली कागद सरकवून बघा. जुन्या घरांतली जमीन क्वचितच पातळीत असते; एक पाय अधांतरी राहिला की शिडी पिळली जाते आणि एकाच बाजूचा जोड सगळं सोसतो. पायाचा तळ जमिनीला समांतर कापलेला हवा. अंदाजाने कापू नका. जमिनीवर प्लायचा तुकडा ठेवा, त्यावर पेन्सिल आडवी धरून पायाभोवती फिरवा, आलेल्या रेघेवर कापा. खाली कुबडीला लावतात तसलं रबर बसवा. पावसात लाद्यांना घाम फुटतो, तिथे लाकूड सरळ घसरतं.

पायऱ्या नुसत्या खिळ्यांवर असतील तर त्या दर वर्षी सैल होतील. दांड्यात अर्धा इंच खोल खाच करून पायरी त्यात बसवायची, आणि सर्वांत वरच्या, खालच्या व जोडालगतच्या पायऱ्यांखाली आटे पाडलेली सळी आरपार घालून दोन्हीकडून नट आवळायचे. दिवाळीनंतर लाकूड आक्रसलं की ते नट पाव-अर्धा फेरा आवळा.

नवी बनवताना

मला विचाराल तर सर्वांत साधी आणि कमी कटकटीची रचना दोन तुकड्यांची. माळ्याची जमीन ९ फुटांवर असेल, म्हणजे २.७५ मीटर, तर ७० अंशांत शिडीची लांबी २.९३ मीटर होते आणि पाय भिंतीकडच्या रेषेपासून मीटरभर बाहेर येतो. म्हणून प्रत्येक तुकडा सुमारे १.४६ मीटर. भिंतीला टेकवायच्या साध्या शिडीला चारास एक (चार फूट उंचीला पाय एक फूट बाहेर) हे प्रमाण सांगतात, ते जवळपास ७५ अंश होतात. पण हातात सामान घेऊन तोंड शिडीकडे करूनच उतरायचं असल्यामुळे घरात ६८ ते ७० अंश बरे. त्याहून लोळवली तर जोडावर भार वाढतो, हे वर आलंच आहे.

पायऱ्यांमधलं उभं अंतर २७.५ सेंटिमीटर ठेवलं की नऊ पायऱ्या आणि दहावा पाय माळ्यावर. शेवटची पायरी ते माळा हे अंतरही तेवढंच ठेवा. अंधारात उतरताना पाय सवयीने जातो, डोळ्यांनी नाही. बरोबर मधोमध पाचवी पायरी येते, म्हणून जोड तिच्यापासून थोडा वर किंवा खाली, दोन पायऱ्यांच्या मधे येऊ द्या. दांडे ४ इंच बाय सव्वा इंच, पायरी ४ इंच रुंद आणि इंचभर जाड, आतून रुंदी १५-१६ इंच. माळ्याचं तोंड दोन फूट बाय अडीच फुटांपेक्षा लहान नको, नाही तर डोकं वर गेलं तरी खांदे आणि टोपली अडकते.

वरचं टोक चौकटीच्या मागच्या कडेला फिरत्या बोल्टवर. खालचा तुकडा मागे मिटवायचा आणि सगळी घडी दोरीने वर ओढून छताला समांतर अडकवायची. सागवानात हिचं वजन १८-२० किलो भरतं, पण टोक बोल्टवर असल्यामुळे दोरीला त्याच्या निम्म्याच्या आसपास ओढावं लागतं. कप्पीतून गेलेल्या दोरीला पलीकडे पाच-सहा किलोची वाळूची पिशवी बांधली की घरातली कुणीही एका हाताने वर करते. स्प्रिंग लावू नका. आपल्या हवेत ती गंजते आणि तुटते तेव्हा सांगून तुटत नाही. दोरी नायलॉनची, अडकवायचा आकडा दोन ठिकाणी.

लाकूड सागवान किंवा जून फणस. किंदळ, मत्ती मजबूत, पण जड आणि नीट न वाळलेलं मिळालं तर पिळतं. खोक्यांचं पाइन स्वस्त पडतं, वाळवीलाही तेच आवडतं. काजूच्या टरफलाचं तेल होड्यांना आणि वाशांना लावायची आपली जुनी रीत चांगली आहे, वाळवी दूर राहते. शिडीला मात्र लावू नका, त्याने कातडी भाजते आणि शिडी तर हातांनी धरायची.

माळा १० फुटांच्या वर असेल तर दोन तुकडे छताखाली फार लांब होतात. तिथे तीन तुकडे लागतील, आणि तीन तुकडे म्हणजे एक जोड पुढच्या अंगाला आलाच; तिथे बाजूच्या पट्ट्यांशिवाय शिडी बनवू नका, कुणी कितीही घाई केली तरी.

कधी दुरुस्तीच्या फंदात पडू नये

दांड्यात बोल्टच्या भोकांना जोडणारी उभी चीर गेली असेल, तर गोंद आणि पट्ट्या लावून उपयोग नाही, तो दांडा बदलायचा. पेचकसाचं टोक पायाशी किंवा वरच्या बोल्टजवळ सहज आत रुतत असेल तर आत वाळवी किंवा कूज आहे. वरून रंग चकचकीत असला तरी. अ‍ॅल्युमिनियमचा दांडा एकदा वाकला की ठोकून सरळ करू नका, त्या जागी तो परत वाकतो, आणि दुसऱ्यांदा मोडतो. पायऱ्या शाबूत असतील तर त्या काढून नव्या दांड्यांत वापरता येतात. खाच नव्या मापाने करावी लागेल, म्हणून मेस्ताला जुनी शिडी न मोडता आधी दाखवा.